रेकॉर्डवरचे हात

आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाच कर्मचारी, सहा खाटा आणि एक बेसिन आहे. गाव अल्लीपूरपासून सात किलोमीटरवर. नाव सांगत नाही. सांगितलं तर मला लेखी खुलासा द्यावा लागेल. मी निवृत्त शिक्षक असून केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचा सदस्य आहे. रुग्णांचं कल्याण होत आहे असा ठराव लिहिणं हे समितीचं काम. ते आम्ही दर तीन महिन्यांनी चहाबरोबर चोख पार पाडतो.

मागच्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं. विषय : आरोग्य कर्मचाऱ्यांचे व्यावसायिक दर्शन व वैयक्तिक आरोग्यसवयी. कलमं बेचाळीस. नखं किती वाढवावीत, केस कुठे बांधावेत, पाणी किती प्यावं, झोपावं किती आणि हसताना दात किती दिसावेत, सगळं त्यात होतं. सोबत मोबाइलचं एक ॲप. रोज सकाळी सव्वानऊला दोन्ही हात कोऱ्या कागदावर ठेवून फोटो पाठवायचा, झोपेचे तास भरायचे, तंबाखू खात नाही अशी शपथ घ्यायची. शंभरपैकी गुण मिळत. कंत्राटी कर्मचाऱ्याला नव्वदच्या खाली गुण मिळाले तर त्याचा करार वाढणार नव्हता. कायम कर्मचाऱ्याला नव्वदच्या खाली गुण मिळाले तर त्याला प्रेरणादायी संदेश जाणार होता.

केंद्रात कंत्राटी एकटीच, मंजुषा सिस्टर. अकरा वर्षांपासून आहे. दिवसातून तीस वेळा हात धुऊन तिच्या बोटांची सालं निघालेली, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. डॉक्टर वर्ध्याला मीटिंगला गेले की (आणि ते जातातच) केंद्र तीच चालवते. परिपत्रक जणू तिला समोर बसवून लिहिलं होतं. एक झोपेचं कलम सोडून. बाळंतपणं असली की ती प्रामाणिकपणे 'तीन तास' लिहायची आणि ॲप उत्तर द्यायचं, "अपुरी झोप हे बेशिस्तीचे लक्षण आहे."

"सिस्टर, आठ तास लिहून टाका," मी सुचवलं.

"नानाजी, पोटातल्या लेकराले ॲप माईत नसते. ते त्याच्या टायमानंच येते."

तरी एक्याण्णव गुण पडायचे, कारण हातांना पैकीच्या पैकी होते.

औषधं देणारा प्रफुल कायम कर्मचारी. माणूस सोन्यासारखा, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घोटून बोटं कथ्थी झालेली, आणि डाव्या करंगळीचं नख चांगलं इंचभर. त्या नखानं तो स्टेपलच्या पिना काढतो, कान कोरतो आणि मग गोळ्या मोजतो. पहिल्या दिवशी त्यानं फोटो पाठवला तेव्हा ॲपनं कळवलं, "सदर छायाचित्र हाताचे नाही." मग प्रेरणादायी संदेश सुरू झाले. दर तासाला एक, घंटी वाजवून. दुपारच्या झोपेचं खोबरं झालं.

तिसऱ्या दिवशी प्रफुल म्हणाला, "ताई, तुमचे हात द्या ना जरा एक मिनिट."

"काऊन?"

"काई नाई, फोटो पायजे. कागदावर नाव थोडीच लिहिलं रायते."

त्याला अठ्ठ्याण्णव गुण पडले. झोपही त्यानं दहा तास लिहिली होती. दुपारचे दोन धरून. आठवडाभरात अख्ख्या केंद्राला हा मार्ग सापडला. सव्वानऊ वाजले की मंजुषा सिस्टर कोऱ्या कागदावर हात ठेवून उभी राही आणि चौघंजण रांगेनं फोटो काढत. तिचे दोन्ही हात कागदावर अडकलेले, त्यामुळे तिचा फोटो काढायला दुसरं कोणी लागे, आणि तिची पाळी येईतो पेशंट येऊन बसलेला असे. तिचा फोटो सर्वांत शेवटी जायचा. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर रूपराव तर भारी खूश होता. "माया हाताले जिंदगीत पयल्यांदा नंबर भेटला," तो म्हणायचा.

मग ॲप सुधारलं. सुधारणा अशी, की एक हातांची जोडी एकाच माणसाला. जुन्या नोंदी पुसल्या गेल्या; त्या सकाळी जोडी ज्याच्या नावे आधी नोंदली तो मालक. पहिली नोंद प्रफुलची होती. बाकीच्यांनी त्याच संध्याकाळी बायकोचे हात लावले. रूपरावच्या फोटोत बांगड्या आल्या तेव्हा ॲपनं फक्त दागिने काढायला सांगितलं. मंजुषा सिस्टरनं मात्र आपले स्वतःचे लावले. तिला कळवण्यात आलं, "हे हात श्री. प्रफुल यांचे आहेत. परक्या हातांचा वापर दंडनीय आहे. गुण : शून्य."

महिनाअखेरीला तिचा करार संपत होता. मला फार वाईट वाटलं. ती गेली तर केंद्रात उरणार काय? बेसिन.

चौकशीला वर्ध्याहून योगेंद्र साहेब आले. त्यांनी सिस्टरचे हात कागदावर ठेवून आपल्या मोबाइलनं फोटो काढला. ॲप म्हणालं, प्रफुल. त्यांनी कागद बदलला. ॲप पुन्हा म्हणालं, प्रफुल.

"साहेब, हे माह्या अंगाले लागून हायेत," सिस्टर म्हणाली. "आता याच्याहून पुरावा काय देऊ?"

"हात तुमच्याकडे आहेत हे मी नाकारत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "पण बाई, ताबा वेगळा आणि मालकी वेगळी."

प्रफुलला राहवलं नाही. तो पुढे झाला. "साहेब, हात ताईचेच हायेत. मीच फोटो काढलता. माही चुकी हाये."

"भावनेच्या भरात हक्क सोडू नका," साहेबांनी त्याला समजावलं. "सर्व्हिस बुकात नोंद गेलेली आहे."

मग त्यांनी प्रफुलच्याच हातांचा फोटो काढून पाहिला. ॲपनं या वेळी ते हात आहेत हे मान्य केलं, पण मालक सापडला नाही. साहेबांचा चेहरा उजळला. केंद्रात एक कर्मचारी बिनहाताची होती आणि एक हातांची जोडी बेवारस होती. हिशेब जुळत होता. त्यांनी मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि जाहीर केलं, "मार्ग निघाला. आता फक्त लाभार्थ्यांची पडताळणी. हातांचा फोटो असलेला फॉर्म येईल, त्यावर पन्नास गावकऱ्यांच्या सह्या घ्या. हे हात आमच्या ओळखीचे आहेत, एवढंच."

मला हायसं वाटलं. पन्नास सह्या म्हणजे काय! निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. सह्या गोळा करायचं काम मी आनंदानं अंगावर घेतलं.

फॉर्म आला. वर मंजुषा सिस्टरचं नाव, खाली हातांचा फोटो, त्याखाली मजकूर : "वरील हात आम्हांस परिचित असून याच हातांनी आमची सेवा केली आहे." पहिली सही मी केली, तारखेसह. गेल्या वर्षी कुऱ्हाडीनं माझा पाय फाटला तेव्हा टाके तिनंच घातले होते आणि अकरा दिवस पट्टीही तिनंच बदलली होती. आनंदाबाईनं डोळे पुसत अंगठा दिला. "माह्ये तिन्ही नातू याच हातावर झाले बाप्पा. कुठी लावू?" महादेवरावांनी विचारलं, "घरकुलाचा हाये काय?" मी नाही म्हणालो, तरी त्यांनी सही केली. प्रफुलनंही केली. फोटो बघून म्हणाला, "हात तर वळखीचे वाटून राह्यले." पन्नास हव्या होत्या, त्र्याहत्तर झाल्या. गाव असं उभं राहतं, या विचारानं मला भरून आलं.

करार वाढला. आदेशाची प्रत आली, त्यावर तोच फोटो मोठा करून छापलेला. कथ्थी बोटं, आणि डाव्या करंगळीचं इंचभर नख.

नियमानुसार आता सगळं सुरळीत आहे. रोज सव्वानऊला प्रफुल आपले हात मंजुषा सिस्टरच्या नावानं देतो आणि ती आपले त्याच्या नावानं. पण त्याच्या हातांना गुण पडेनात आणि करार तर तिचा. म्हणून ती रोज सकाळी त्याला बेसिनपाशी उभं करून त्याचे हात साबणानं घासते. करंगळीचं नख तिनं पहिल्याच दिवशी उडवलं. खर्राही सुटत आला आहे. एवढं काम बेचाळीस कलमांना जमलं नव्हतं. स्वच्छ हातांचा जिल्हा पुरस्कार प्रफुलला मिळाला. शाल घेताना त्यानं दोन्ही हात खिशात ठेवले होते.

आदेश आला त्या दिवशी मी जरा चिडूनच सिस्टरला म्हणालो, "फॉर्मवरचा फोटो एकदा पाहायचा तरी!"

"मी वार्डात व्हती, नानाजी. फारम तर तुमच्यापाशी व्हता." ती हसत होती. "तुमच्या पायाची पट्टी कोन बदलवली? अकरा दिवस?"

"तुम्हीच."

"मंग?"

त्या अकरा दिवसांत मी छताचा पंखा पाहिला होता, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं होतं, डॉक्टरांची नवी गाडी तर खिडकीतून रोज पाहिली होती.

तुम्ही हसत असाल तर हसा, माझी हरकत नाही. फक्त एक सांगा. मागच्या वेळी दवाखान्यात तुमच्या दंडात जिनं सुई टोचली, तिचे हात कसे होते? बरं, हात राहू द्या. नाव काय होतं तिचं?