पेटी पिशवीत अडकली, त्या मोहिमेची हकीकत

श्रीदत्तगुरूंचे चरणी माथा ठेवून, टाळमृदंगांस वंदन करून, आणि कीर्तनास वेळेवर येऊन शेवटल्या आरतीपर्यंत बैठक न मोडणाऱ्या समस्त श्रोतेजनांस दंडवत घालून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, रविवारी, मौजे अंबरनाथ पूर्व येथील दत्तमंदिराचे सभामंडपी जो बाका प्रसंग गुदरला, त्याची हकीकत ऐसीजे.

सोनिवलीच्या मुलखात, नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बकुळाबाई नामे शूर बाई राहात होत्या. त्यांनी उल्हासनगरच्या जीन पँटींच्या कारखान्यात बहुत वर्षे चाकरी केली, आणि मग चाकरी सोडून घरीच शिलाईमशीन आणिले, आणि ते बैठकीच्या खोलीत खिडकीखाली, उजेडाच्या मोक्याच्या जागी, तोफ मांडावी तैसे कायम केले. कारण बाईंच्या चित्ती एक नवी मसलत उपजली होती. कीर्तनात साथ करणारे हिरामणबुवा आपली पेटी चादरीत गुंडाळून, काखेत मारून, स्टेशनाचे जिने चढताना धापा टाकितात, हे बाईंनी पाहिले आणि त्यांचा जीव कळवळला. मग त्यांनी जीनच्या जाड कापडाची पिशवी योजिली, तीस शाळकरी दप्तरासारखे दोन पट्टे लाविले, आणि बुडाशी जुन्या प्रवासी बॅगेची चार चाके जडविली. पेटी पाठीवर घ्यावी अथवा फलाटावरून रथासारखी चालवावी, ऐसा दुहेरी सरंजाम.

परंतु घरात सासूबाई रखमाबाईसाहेब यांचा अंमल होता, आणि खिडकीखालच्या जागेवर त्यांचा दावा जुना होता. तेथे त्यांस माहेरची भांडी मांडण्यास काचेचे शोकेस आणावयाचे होते. तेव्हां त्यांजकडून फर्मान निघाले, जे, रविवारी अंबरनाथास मोठे मोठे धंदेवाले नवउद्योगाचे धडे देणार आहेत, तेथे पिशवी दाखवावी. त्या जाणत्यांनी बरी म्हटली तर मशीन राहील, आणि नाही म्हटली तर मशीन विकावे, शोकेस आणावे, आणि सूनबाईंनी मुकाट्याने पुन्हा कारखान्यात रुजू व्हावे. वर बाईसाहेब ऐसेही वदल्या की, “मी पन येनार हाय. मागून तू सांगशील, सगल्यांना आवडली म्हनून!”

ऐसियास मोहिमेच्या आदल्या दिवशी एक घात जाहला. उल्हासनगरच्या कारखान्यांचा रिवाज ऐसा की, कापड बेतणारा मास्तर वेगळा, शिवणाऱ्या बायका वेगळ्या, आणि शिवून जाहला की माल धुलाईस जाणारच; कोरी जीन कोणी बाजारात धाडीत नाही. बकुळाबाईंचे हात त्याच रिवाजाचे. पिशवी शिवून जाहली आणि हातांनी आपणहून ती ऊन पाण्यात बुडविली, घासली, पिळली आणि गॅलरीत वाळत घातली. रंग मोठा झोकदार उतरला. मात्र ऊन पाण्यात जीन आखडते म्हणून मास्तर बेततानाच कापड सैल धरतो, ही मास्तराची विद्या होती, आणि मास्तर तर उल्हासनगरीच राहिला होता. बाईंनी पिशवी बुवांची पेटी एकदा घरी आणून तिच्या अंगाबरोबर बेतली होती.

रविवारी तिसरे प्रहरी सभामंडपात दरबार भरला. सायंकाळी त्याच जागी कुळगावच्या मोतीबाईंचे कीर्तन नेमिले होते, म्हणून व्यासपीठ सजलेलेच होते, आणि हिरामणबुवांनी आपली पेटी पिशवीच्या परीक्षेकरिता दिली ती शपथ घालूनच, की कीर्तनाचे आधी मला माघारी पाहिजे.

दरबारी तीन सरदार विराजले होते. पहिले हिंदुरावकाका, अंबरनाथी नटबोल्टांच्या कारखान्याचे धनी, केस पिकले तरी आवाज भोंग्याचा. दुसरे मुकेशशेठ, उल्हासनगरचे सिंधी व्यापारी, आज फर्निचर तर उद्या पंखे, दुकान मात्र सदा भरलेले. तिसऱ्या भावनाताई, पुठ्ठ्याचे खोके करून मुलूखभर धाडणाऱ्या, आणि घरी वडिलांची भीमगीतांची गायनपार्टी चालविणाऱ्या.

मग पूर्वरंग सुरू जाहला. कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा जैसे निरूपण करितात तैसेच यांनी केले, फक्त चाल लावली नाही. हिंदुरावकाकांनी आज्ञापिले की, उद्योगात धीर धरावा, माल पक्का करावा आणि जोर लावावा, जोर लावला म्हणजे जगात सर्व काही बसते; आणि मग त्यांनी आपल्या पहिल्या लेथ यंत्राची कथा आरंभिली, ती लांबत लांबत चहा येईपर्यंत लांबली. मुकेशशेठ बोलले, “देखो साईं, नवीन आयडिया म्हणजे काय? जे चालतं ते छेडू नका. जे नाही चालत ते लगेच बदला. बस्स. बाकी सगळा टाइमपास!” यावर टाळ्या उदंड पडल्या. आणि भावनाताईंनी फर्माविले की, आपला माल कोण वापरणार त्यास आधी विचारावे, आपल्याच मनाशी शाबासकी देत बसू नये.

हे तिन्ही धडे ऐकून बकुळाबाईंस धीर आला, आणि त्या पिशवी घेऊन पुढे सरसावल्या. हिरामणबुवांनी पेटी उचलून दिली. बाईंनी ती पिशवीच्या मुखी ठेविली. पेटी चार बोटे आत गेली आणि थांबली.

बाईंनी कापड ओढून पाहिले, पेटी फिरवून पाहिली, परंतु किल्ला दाद देईना. मागील रांगेतून रखमाबाईसाहेबांचा सवाल आला, “अगो, घरी तर बसत होती ना? काय केलास काय?”

“धुतली, आई.”

“धुतलीस? पेटीला काय आंघोल घालायची होती?”

सभा हसू लागली. तेव्हां हिंदुरावकाका आस्तन्या सावरून उठले आणि म्हणाले की, मघाशी काय सांगितले, जोर लावावा. मग वेढा बसला. काका वरून दाबीत होते, मुकेशशेठ खालून कापड खेचीत होते, आणि भावनाताई एका बाजूने काठ धरून “काका, सावकाश, काका, खोका नाहीये तो!” ऐसा पुकारा करीत होत्या. शेठ घामाघूम होऊन ओरडले, “अरे बाबा, एक्सएल साइजची पिशवी आणा ना!” पेटीचे सूर आपोआप दबून भेसूर कळवळले, आणि हिरामणबुवा डोक्यास हात लावून खांबाशी बसले. पेटी निम्मी आत गेली. काकांनी अखेरचा हल्ला चढविला आणि मागली शिवण, मोठा आवाज होऊन, वरपासून बुडापर्यंत उसवली.

पेटी बुडाच्या चाकांवर जाऊन टेकली, वरला भाग मात्र उघडाच राहिला; आता ती आणखी आत जाईना आणि बाहेरही निघेना. कापडाने तिला ओल्या मोज्यासारखे आवळून धरिले होते. बकुळाबाईंनी कात्री मागविली, तो मुकेशशेठ म्हणाले की कात्रीने पेटीचे पॉलिश जाईल. इतक्यात मोतीबाईंची स्वारी दाखल जाहली. कपाळी बुक्का, कमरेस खोचलेला पदर, हाती चिपळ्या. घड्याळाने कीर्तनाची वेळ दाखविली, आणि तीन सरदारांची फजिती ऐन व्यासपीठावर उघडी पडली. रखमाबाईसाहेब चपला शोधू लागल्या. बकुळाबाईंच्या डोळ्यांपुढे खिडकीखालचे मशीन हलले आणि काचेचे शोकेस उभे राहिले.

परंतु मोतीबाई कीर्तनकार, त्यांस वेळ मोडणे ठाऊक नाही. त्यांची आज्ञा जाहली की, पेटी जैसी आहे तैसी वाजवावी, देवास पिशवीचे वावडे नाही. बुवा बसले. मागली शिवण उसवली होती म्हणून भाता मोकळा होता, आणि सूर बरा निघाला. परंतु बुडाशी चाके! बुवांनी भाता मारावा आणि पेटीने पुढे धावावे. पहिल्या नमनास पेटी मोतीबाईंच्या पायांशी गेली, बुवांनी ओढून आणिली. दुसऱ्या ओळीस पुन्हा गेली. मोतीबाई गाता गाताच म्हणाल्या, “बुवा, पेटी माझ्याआधी देवाकडे निघालीय. धरा तिला!” सभा लोटपोट जाहली.

तेव्हां बकुळाबाई भान विसरून व्यासपीठी धावल्या, पाठीवर घ्यावयाचे पट्टे बुवांच्या खांद्यांवरून घातले, आणि पेटी बुवांच्या पोटाशी अडकविली. बुवा उठून उभे राहिले. डावा हात भात्यावर, उजवा सुरांवर, आणि पेटी जागची हलेना. मोतीबाईंनी गजर धरिला, बुवांनी पाऊल उचलिले, आणि ज्या गृहस्थास आजवर सभेने बसलेलाच पाहिला होता तो मोतीबाईंच्या जोडीने व्यासपीठभर नाचू लागला. हा उत्तररंग ऐसा रंगला की म्हातारी मंडळीही उभी राहिली, आणि श्रीकृपेकरून सर्वांचे डोळे भरून आले.

आरतीनंतर बुक्का लाविताना भावनाताईंनी आपलाच धडा पाळून बुवांस विचारिले की, कैसे वाटते. बुवा घाम पुसून म्हणाले, “ताई, काकड्याच्या फेरीला मी पेटी उपरण्याने गळ्यात बांधतो. महिनाभर मान वळत नाही. आज मानेला कळलंच नाही, की पेटी आहे.”

हे ऐकताच मसलत फिरली. हिंदुरावकाकांनी आपल्या भजनी मंडळाकरिता ऐशीच पिशवी नक्की केली आणि जाहीर केले की, पाहिलेत, जोर लावला म्हणून शिवण उसवली, आणि शिवण उसवली म्हणून भाता मोकळा जाहला. मुकेशशेठांनी आपल्या सिंधी दरबारच्या, म्हणजे मंदिराच्या, प्रभातफेरीकरिता मागणी नोंदविली आणि म्हणाले, “जे चालत नव्हतं ते तिने लगेच बदललं. मी बोललो होतो ना, साईं!” भावनाताईंनी गायनपार्टीकरिता सांगितली, फक्त निळ्या कापडाची, आणि हसून म्हणाल्या की, वापरणाऱ्यास विचारले म्हणूनच हे कळले. येणेप्रमाणे विजय एक आणि विजयी सेनापती तीन, ऐसे जाहले. बकुळाबाईंनी तिघांच्याही पाया पडून तिघांचेही म्हणणे मान्य केले.

आणि रखमाबाईसाहेब? त्या अंबरनाथाहून रिक्षाने सोनिवलीस परतल्या. घरी येऊन त्यांनी खिडकीखाली पाहिले, आणि फर्मान निघाले की, शोकेस स्वयंपाकघराच्या भिंतीस बसेल. मग म्हणाल्या, “पन आता आधी कापड धू, मंग बेत. समजलास?”

तपशील नोंदविला तो ऐसा: मौजे अंबरनाथची मोहीम फत्ते जाहली, चाके बरखास्त, पट्टे कायम, मागली बाजू उघडी ठेवावी, हिरामणबुवांची पेटी त्या पहिल्या पिशवीतून अद्याप निघाली नाही, आणि बुवाही ती काढू देत नाहीत. आणि दुसरे दिवशी सकाळी, नव्या पिशव्यांचे कापड भिजविण्याकरिता, सर्वांत मोठ्या पातेल्यात ऊन पाणी चढविले ते खासा रखमाबाईसाहेबांनी, आपल्या हाते, सूनबाई उठण्याचे आधी. इति.