बर्फाला कुलूप

क्लाइव्हने आईला साफ थाप मारली होती. इंग्लंडात गाजलेल्या त्याच्या विनोदी मालिकेतली ती खाष्ट लॉजमालकीण म्हणजे हिल्डाआत्या, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. वास्तविक मोरकॅम्बच्या समुद्रकिनारी जन्मभर लॉज चालवला तो त्याच्या आईने, एडनाबाईंनी. हिल्डाआत्या बिचारी पोस्टात होती आणि तिने उभ्या आयुष्यात कुणा पाहुण्याला उशीचा अभ्राही बदलून दिला नव्हता. पण थाप खपली. हिल्डाआत्या वारली होती, तेव्हा तिची तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता.

आता तीच मालिका अमेरिकेत नव्याने बनत होती. क्लाइव्ह सल्लागार म्हणून कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओत येऊन बसला होता आणि पहिल्या भागाच्या चित्रीकरणाला मुख्य लेखिका रॉझने परस्पर एडनाबाईंना विमानाचं तिकीट धाडलं. "मूळ लेखकाची आई पहिल्या रांगेत हवी. शकुनाचं असतं ते," ती म्हणाली. थाप उघडी पडणार, हे क्लाइव्हला दिसू लागलं.

रॉझवर रागावणंही जड जायचं, इतकी बाई हुशार. मूळ मालिकेत मालकीण गरम पाण्याला कुलूप लावते. रॉझने पहिल्याच बैठकीत विचारलं, "आमच्याकडे खोली तिथे न्हाणीघर. मग पाहुणे भांडणार कशावरून?" थोडा वेळ छताकडे बघून स्वतःच म्हणाली, "बर्फावरून." झालं. लॉजचं अलाबामाच्या किनाऱ्यावरचं मोटेल झालं, पावसाच्या जागी काहिली आली आणि मालकीणबाईंच्या कमरेला पाहुण्यांसाठी व्हरांड्यात ठेवलेल्या बर्फाच्या यंत्राची किल्ली लटकली. हे आपल्याला का सुचलं नाही, असं क्लाइव्हला वाटून गेलं. मत्सर नव्हता त्यात. त्याला खरंच कौतुक वाटलं होतं.

अडचण होती ती मालकिणीचं काम करणाऱ्या डार्लीनची. बाई अलाबामाचीच आणि भारी लाघवी. तिला ओरडताच येईना. तालमीत ती पाहुणा झालेल्या म्हाताऱ्या नटावर खेकसायची आणि लगेच त्याचा हात धरून म्हणायची, "लागलं नाही ना हो मनाला? पाणी आणू?"

असल्या मालिका प्रेक्षकांसमोरच चित्रित होतात, तेव्हा चित्रीकरणाच्या दिवशी स्टुडिओत प्रेक्षक भरले. मागच्या रांगेत चॅनेलचे साहेब येऊन बसले. मालिका पुढे बनवायची की इथेच गुंडाळायची, हे ते आजच ठरवणार होते. दिवे लागले, नटाने बर्फ मागितला आणि डार्लीनने डोळे मिटून आवाज लावला, "बर्फ हवाय? तुमच्या बापाने ठेवलाय का इथे?"

प्रेक्षकांत कुणी हसलं नाही. एक बाई तेवढी म्हणाली, "अरेरे, बिचारे आजोबा."

रॉझने चित्रीकरण थांबवलं. तिथली रीतच तशी. विनोद पडला की सगळे लेखक कॅमेऱ्यामागे घोळका करतात आणि उभ्या उभ्या नवा लिहितात. तोवर प्रेक्षक थंड पडू नयेत म्हणून लेनी नावाचा एक गडी माईक घेऊन त्यांच्यात फिरत असतो. लेनी नेमका एडनाबाईंपाशी थांबला. घोळक्यातल्या क्लाइव्हने कपाळाला हात लावला.

"आजी, कुठून आलात?"

"मोरकॅम्बहून, बाळा. इंग्लंडात आहे."

"मग, आमचं कॅलिफोर्निया कसं वाटलं?"

"छानच आहे हो. आणि सगळ्यांचे दात किती पांढरे. एका तोंडात इतके मावतात, हे मला इथे येऊन कळलं."

प्रेक्षक हसले. लेनीला चेव आला. "आणि मी कसा वाटतो?"

"तू ना? गोड आहेस. मघापासून किती झटतोयस. कुणी हसत नसताना एवढं झटायचं म्हणजे जिद्द लागते बाळा."

सगळी रांग खाली वाकून हसली. लेनी तर पायरीवरच बसला. आणि मंचावरून डार्लीन धावत घोळक्यात आली.

"रॉझ, ही तर माझी आजी बोलतेय. ती कधी म्हणून ओरडली नाही. 'देव तुझं भलं करो गं' एवढंच म्हणायची, आणि समोरची घरी जाऊन रडायची."

रॉझने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "ओरडणं बंद," ती म्हणाली आणि भराभर लिहायला लागली.

"रॉझ, नको गं. हात जोडतो," क्लाइव्ह कुजबुजला.

"का?"

"ती मालकीण म्हणजे माझी आई आहे. आता तिला कळेल."

"मला तर हिल्डाआत्या म्हणाला होतास ना?"

"तिलाही तेच सांगितलंय."

"हे बघ, मागे साहेब बसलेत. मालिका वाचवू की तुला?" रॉझने लिहिणं काही थांबवलं नाही. "जा, आईजवळ जाऊन बस."

तो चोरासारखा आईशेजारी जाऊन बसला. दिवे लागले. नटाने पुन्हा बर्फ मागितला. डार्लीन गोड हसली आणि किल्ली कुरवाळत म्हणाली, "देते की हो. तुमच्या देहाला उकाडा जास्तच होत असणार. काल बादलीभर नेला होतात, नाही? छे छे, मी कशाला मोजू? मला आपली तुमचीच काळजी."

हशा असा उसळला की कॅमेरावाल्यालाही हसू आवरेना. साहेब तर डोळे पुसत होते. मालिका वाचली, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. क्लाइव्हला आनंद झाला आणि घामही फुटला, कारण आख्ख्या स्टुडिओत एडनाबाई तेवढ्या हसत नव्हत्या. मांडीवर पर्स धरून त्या टक लावून डार्लीनकडे बघत होत्या.

प्रेक्षक उठायला लागले तेव्हा त्याने हिय्या केला. "कसं वाटलं, आई?"

"फार छान. मेहनती आहेत हो माणसं. आपल्याकडच्या मालिकेतली ती बाई सारखी कोकलायची. मला तेव्हाच वाटलं होतं, मी मेली कधी ओरडले?"

"म्हणजे... तुला ठाऊक होतं?"

"अरे, हिल्डाला अंडं उकडता येत नव्हतं, ती लॉज काय चालवणार?" एडनाबाईंनी त्याची कॉलर सारखी केली आणि मायेने त्याच्या गालावर थोपटलं. "पण तू नको हं मनाला लावून घेऊस. या लोकांनी मला घटकाभरात ओळखलं. तू तरी काय करणार बाळा, अठराच वर्षं तर राहिलास माझ्यापाशी."