धनावडे सरांचं खुरपं

धनावडे सर कविसंमेलनाला जाताना पिशवीत खुरपं घेऊन जातात. मी त्यांचा शेजारी, शिवाय जुना विद्यार्थी, त्यामुळे स्कूटरवरून त्यांना न्यायचं पाप माझ्या माथी. सभागृहात मी मुद्दाम चार रांगा मागे बसतो. तरी ते वळून "आमचा हा!" म्हणून मला दाखवतातच.

गेल्या महिन्यात एका तरुण कवीने 'विरहाने काळीज खुरपले' अशी ओळ वाचली. सर उठले, तडक व्यासपीठाशी गेले आणि खुरपं त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"हे ओळखता? ह्याच्यावरून खुरपणं. म्हणजे रोपाला धक्का न लावता तण काढणं. विरहाने तुमच्या काळजातलं तण काढलं, तर त्याचे आभार माना. रडता कशाला? लाक्षणिक लिहा हो, पण आधी वाफ्यात बसा!"

सभागृह खो खो हसलं. कवी बिचारा पाणी प्यायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना मी म्हटलं, "सर, पोराचा एवढा पाणउतारा?"

"शब्दाला न्याय नको?" हे त्यांचं पालुपद. चहावाल्याच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत कुणीही त्यातून सुटलेलं नाही.

परवा त्यांनी मला परसात हाक मारली. वांग्यांच्या वाफ्याशी फोन घेऊन बसले होते.

"जुना मेसेज समोरच्याच्या फोनातून पुसता येतो काय रे?"

मेसेज पुण्याच्या मुलीला होता. काकू गेल्यावर तिने लिहिलं होतं, 'बाबा, आईची आठवण मन खुरपत राहते.' खाली सरांचं उत्तर : 'खुरपणे म्हणजे तण काढणे. आई तण होती का?'

त्यानंतर मुलीकडून नुसते अंगठे.

"आता नाही पुसता येणार, सर. फार दिवस झाले."

सर मान वर करीनात. "लाज वाटते रे. पोर रडत होती आणि मी क्रियापद बघत बसलो."

सभागृहातली माझी लाज मला त्यापुढे अगदीच फुटकळ वाटली.

"फोन करा," मी म्हटलं.

त्यांनी लावला. मी उठू लागलो तर माझं मनगट धरून ठेवलं.

"पोरी," सर म्हणाले, "आईबद्दल बोल. कसंही बोल. मी मध्ये बोलत नाही."

पलीकडून ती बोलायला लागली, हुंदके देत, अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्यातोडक्या मराठीत. सरांनी माझं मनगट सोडलं आणि त्याच हाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.