चारशे बारा दिवंगत कासवे

शहराच्या कालव्यात चारशे बारा कासवे राहत असत. ती सर्व मृत होती, हे पालिकेच्या सर्वेक्षणातून सिद्ध झाले होते. "पाळलेले कासव सध्या कोठे आहे?" या प्रश्नावर चारशे बारा कुटुंबांनी "वारले" असे सहीनिशी लिहून दिले होते. "कालव्यात सोडले" या रकान्यापुढे दंडाची तरतूद असल्याने तो कोराच राहिला.

सोमवारी कालवा आटवून त्याला सिमेंटचा तळ घालायचा होता. प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी तीन दिवस काठावर बसून कासवे मोजली. आकडा तंतोतंत जुळला. विज्ञानात असे क्वचितच घडते. त्यांनी स्थलांतराचा अर्ज केला.

"जिवंत प्राणी हलवायला मालकाची संमती लागते," पालिकेचे अभियंते म्हणाले. "मालक म्हणतात, वारलं. त्यांना खोटं ठरवणारा मी कोण?"

"साहेब, ती पोहतायत."

"मॅडम, पोहणं हा पुरावा नाही. कागद आणा."

बाईंनी त्यांनाच काठावर आणले. माणूस म्हणजे जेवण, एवढेच शास्त्र पाळीव कासवाला ठाऊक असते. अभियंत्यांची सावली पाण्यावर पडताच सारा कालवा माना वर करून त्यांच्याकडे निघाला. सर्वांत पुढच्याच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने 'बटाटा' लिहिले होते. शेवटचे अक्षर जागेअभावी शेपटीकडे वळलेले.

अभियंत्यांनी बूट मागे घेतले.

"हे आमचं नाही," कोणी विचारलेले नसताना ते म्हणाले. "आमचं वारलं. लेक दोन दिवस जेवली नव्हती."

"मग सापडलं म्हणून सांगा की तिला!"

"आणि 'बाबा, वारलं असं कोण म्हणालं होतं?' असं तिनं विचारलं तर?"

बाईंनी वाद घातला नाही. निरीक्षणाशी न जुळणारा सिद्धान्त टाकून द्यावा, हे विज्ञान; सिद्धान्ताशी न जुळणारे निरीक्षण टाकून द्यावे, हे कार्यालय. त्यांनी नवा अर्ज लिहिला: "चारशे बारा मृत कासवे प्राण्यांच्या दफनभूमीत हलविणेबाबत." मृतांसाठी संमती लागत नाही. अभियंत्यांनी उभ्या उभ्या सही ठोकली.

रविवारी शववाहिका आली. एक दिवंगत टोपलीबाहेर चढू लागले, तेव्हा चालकाने त्याला परत आत ठेवले. "गप पड. मेलायस तू."

दफनभूमीत एक जुने तळे आहे. मृत कासवे तिथे ऊन खात पडलेली असतात. अभियंते दर रविवारी कोबीची पाने घेऊन एकटेच येतात. बटाटा लगबगीने काठाशी येतो. इतरही मालक येतात. कोणी कोणाला ओळख देत नाही.

बाईंची नोंदवही सांगते, चारशे अकरा कासवांना कोणी ना कोणी भेटून गेले आहे. उरलेले एक अजून प्रत्येक सावलीकडे मान वर करते.

तुमच्या घरच्या कासवाच्या त्या काचेच्या पेटीत हल्ली चार्जर ठेवता ना?