काकूंचं वळण

त्या रविवारी सकाळी काकूंनी ते वळण एकदाचं जसं घ्यायला हवं तसं घेतलं, आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला. नेहमीसारखं थोडं चुकलं असतं, तर त्या गुपचूप घरी आल्या असत्या आणि कोणाला काही कळलंही नसतं.

वळण तलावाकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर होतं. एका अंगाला मोठा कातळ, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा आणि त्याखाली खोल उतार. त्याची खोड अशी, की सुरुवातीला ते अगदी साधंभोळं दिसायचं. गाडी आत शिरली की मग आवळत जायचं, आता काही खरं नाही असं वाटेपर्यंत आवळायचं, आणि एकदम सुटायचं. सुटलं की समोर सगळा तलाव. काकूंनी जन्मभर शिवणकाम केलं होतं. शर्टाचा मुंढा, म्हणजे बाहीसाठीचा गोल, कापताना कात्री मध्येच थांबली की कापडाला दात पडतात, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. या वळणाचंही तसंच होतं. ब्रेक आधी, गिअर आधी. एकदा आत शिरलं की स्टीअरिंग एकाच ओघात. मध्ये बिचकलात की दात पडलेच.

गाडी यजमानांची. ते होते तोवर त्यांनी काकूंना स्टीअरिंगला हात लावू दिला नव्हता. गाडीला दुसऱ्या हाताची सवय लागली की ती बिघडते, असं त्यांचं मत होतं. ते गेल्यावर मुलीनं फोनवरून सांगितलं, आता विकून टाक. काकूंनी 'बघू' म्हटलं आणि ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. तिथल्या मास्तरांनी या वयात कशाला म्हणून विचारलं, तेव्हा या वयातच वेळ असतो, असं त्यांनी सांगितलं. आणि वेळ खरंच फार होता. डोळ्यांनी दगा दिला म्हणून दुकान बंद केल्यापासून एकेक दिवस धुतलेल्या स्वेटरसारखा लांबत चालला होता. मुलीचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. बरी आहेस ना, जेवतेस ना, चल ठेवते. एवढ्यात तो संपायचा. म्हणून मग रविवारची सकाळ काकूंनी वळणाला देऊन टाकली होती.

तर त्या दिवशी गाडी अशी फिरली, जणू रस्ताच त्यांच्या हाताच्या मापानं बेतला होता. चाकं कुठेही कुरकुरली नाहीत, आणि तलाव समोर उघडला तेव्हा काकूंच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बघितलंस?"

शेजारच्या सीटवर पर्स होती.

काकूंना जरा कसंसंच झालं. पण आनंद काही कमी होईना. त्यांनी पुढे रुंद जागा बघून गाडी थांबवली आणि आपण काय केलं ते बाहेरून बघावं म्हणून चालत मागे आल्या. पेडलचा अंदाज नीट यावा म्हणून त्या अनवाणी गाडी चालवत, त्यामुळे चपला गाडीतच राहिल्या. गाडीचं दार लावायचंही राहिलं. वळण पुरतं दिसावं म्हणून त्या कठड्यावरून जराशा पुढे वाकल्या. वारा सोसाट्याचा होता आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं.

नेमकी त्याच वेळी बेकरीची गाडी तिथे आली. ब्रेडवाल्यानं काय पाहिलं, तर दार उघडं टाकलेली मोटार आणि दरीवर वाकून रडणारी एक अनवाणी म्हातारी. त्यानं गाडी आहे तिथेच सोडली, मांजरीच्या पावलांनी मागून आला आणि काकूंचं मनगट घट्ट पकडलं.

"मावशी, असं काही करू नका."

"अहो, काय करू नका? मी वळण बघतेय."

"वळणं सगळ्यांच्याच आयुष्यात येतात, मावशी," ब्रेडवाला म्हणाला, आणि त्यानं पकड आणखी आवळली.

काकू बेकरीच्या गाडीत बसेपर्यंत त्यानं मनगट सोडलं नाही. काकूंची गाडी बंद करून किल्ली त्यानं स्वतःच्या खिशात घातली, काकूंना आपल्या शेजारी बसवलं आणि त्यांच्या घराकडे निघाला. वाटेत तेच वळण उलट्या बाजूनं आलं. ब्रेडवाल्यानं आत शिरल्यावर ब्रेक दाबला, मागचे ट्रे खडखडले, आणि काकूंना राहवलं नाही. त्या कळवळून म्हणाल्या, "अहो, वळणात ब्रेक नका मारू, कडेला जाल." त्यावर त्यानं समाधानानं मान हलवली. जगायची इच्छा अजून शिल्लक आहे, हे लक्षण चांगलं, असं तो म्हणाला.

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या हाती त्यानं काकू आणि किल्ली दोन्ही सोपवली, आणि जे पाहिलं होतं त्यात थोडी भर घालून सगळं सांगितलं. त्याच्या सांगण्यात काकूंचा एक पाय कठड्यापलीकडे होता. शेजारणीनं मुलीला फोन केला तोवर दोन्ही पाय पलीकडे गेले होते. मुलगी मिळेल ती गाडी पकडून संध्याकाळी दारात हजर झाली, आणि काकूंना मिठी मारून इतकी रडली, की काकूंनाच तिची समजूत काढावी लागली.

काकूंनी सगळं खरं सांगितलं. तलाव, कातळ, गिअर, चपला, वारा. मुलीनं मान डोलावत ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता. हे नेहमी होतं का, असं त्यांनी हळुवारपणे विचारलं.

"दर रविवारी," काकू म्हणाल्या.

"आणि इतर दिवशी? मनात विचार येतो?"

"आठवडाभर तोच असतो. रात्री झोप लागेपर्यंत."

"तिथे गेल्यावर काय वाटतं?"

काकूंनी क्षणभर विचार केला. इतक्या नीट त्यांना कधी कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून उत्तरही नीट द्यावं असं त्यांना वाटलं. "मोकळं वाटतं," त्या म्हणाल्या. "सगळं मागे पडतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काकूंना बाहेर बसायला सांगून ते मुलीशी बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर मुलीनं आईचा हात हातात घेतला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. ती शाळेत जायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आणि इथेच काकूंचं चुकलं म्हणा हवं तर. त्या हातात हात असताना त्यांना पुन्हा खुलासा करावासा वाटला नाही.

मग घर एकदम भरून गेलं. मुलीनं ऑफिसातून रजा काढली आणि आईच्या खोलीत अंथरूण घातलं. शेजारीण सूप घेऊन यायची. इतकी वर्षं ती जिन्यात फक्त पाण्याच्या मोटारीविषयी बोलली होती. ब्रेडवाला फेरीवरून जाताना रोज ताजा ब्रेड ठेवून जाई आणि दारातूनच हाक मारी, "मावशी, आहात ना?" 'आहात' या शब्दावर तो असा काही जोर देई, की काकूंनाही आपण असल्याचं बरं वाटे. चहाला माणसं, जेवायला माणसं. काकूंनी कपाटातले जास्तीचे कप काढले, विसळले आणि वापरात आणले.

पण माणसं आली म्हणजे सोबत आली असं नसतं, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात यायला लागलं. सगळे जण आजाऱ्याशी बोलतात तसं मोठ्यानं आणि आनंदी आवाजात बोलत. काकू स्वयंपाकघरात शिरल्या की आतलं बोलणं तुटायचं. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, असं ठरलं. मुलीची पँट कमरेत सैल झाली होती, म्हणून काकू एकदा कात्री शोधायला गेल्या. कात्री जागेवर नव्हती. शिवणाच्या डब्यातल्या सुयासुद्धा गायब होत्या. शेजारणीनं सगळं धारदार सामान आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं, आणि ते काकूंना कोणी सांगितलं नव्हतं. ज्या हातांनी त्यांनी अख्ख्या गावाचे शर्ट बेतले, त्या हातात कात्री द्यायला आता माणसं भीत होती. त्या रिकामा डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. पलीकडच्या खोलीत मुलगी होती, खाली शेजारीण होती, आणि इतकं एकटं त्यांना पर्सशी बोलतानाही वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी मुलगी नवऱ्याशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं. घर बंद करायचं आणि आईला आपल्याकडे न्यायचं, मधल्या खोलीत टीव्हीच्या बाजूला तिचा पलंग बसेल, असं चाललं होतं.

काकूंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मुलीला सांगितलं, की एकदा मला तिथे घेऊन चल, मग म्हणशील तिथे येते. मुलीनं डॉक्टरांना फोन लावला. सोबत कोणी असेल तर त्या जागेला सामोरं जाणं चांगलंच, असं ते म्हणाले. ब्रेडवाल्यानं मधल्या दिवसांत काकूंची गाडी खाली आणून दाराशी लावली होती. मुलीनं शेजारणीकडून किल्ली आणली, आईला पट्टा घट्ट बांधला, तिच्या बाजूचं दार आतून लावून घेतलं आणि स्वतः गाडी चालवायला बसली.

तिनं ते वळण तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं. वळण साधंभोळं दिसलं तोवर ठीक चाललं. मग ते आवळायला लागलं, तशी ती बिचकली, तिनं ब्रेक मारला, गाडीनं दोन आचके दिले आणि ऐन मध्यावर, कातळाला नाक लावून, ती बंद पडली. मुलीनं पुन्हा सुरू केली तर ती उतारानं मागे सरकली. ती अजून जरा मागे, कठड्याच्या दिशेनं सरकली, तेव्हा मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. काकूंनी शांतपणे हँडब्रेक ओढला.

"उतर," त्या म्हणाल्या. "मी घेते."

मुलीला नाही म्हणायला उसंत नव्हती. काकूंनी गाडी बाहेर काढली, पार खाली सरळ रस्त्यापर्यंत नेली, फिरवली, चपला काढल्या आणि निघाल्या. मुलीनं दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. कातळ जवळ आला. ब्रेक, दुसरा गिअर, पाय मोकळा. काकूंची नजर गाडीच्या नाकावर नव्हती. ती पुढे, वळण जिथे सुटतं तिथे आधीच जाऊन पोचली होती. गाडी एका बाजूला हलकेच कलली, रस्ता आवळला, अजून आवळला, आणि काकूंचे हात एकदाही न अडखळता फिरत राहिले. मग एकदम सुटलं. तलावावर ऊन पडलं होतं.

काकूंनी गाडी बाजूला घेतली. 

"तू दर रविवारी हे करतेस?" मुलीनं विचारलं.

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

मुलगी हसायला लागली, मग तिला राग आला. डोळे पुसत तिनं विचारलं, की मग सांगितलं का नाहीस. काकू म्हणाल्या, की सांगितलं होतं; तुला, शेजारणीला, डॉक्टरांना, ब्रेडवाल्याला तर जागेवरच.

"पहिल्यांदा सांगितलंस. मग गप्प का बसलीस? आम्ही काय काय समजत होतो, आई. घर बंद करायला निघाले होते मी."

काकू काचेतून समोर बघत राहिल्या.

"तू आली होतीस ना," त्या म्हणाल्या.

 मुलगी तलावाकडे बघत बसली. मग तिनं पट्टा सोडला, बूट काढून मागच्या सीटवर टाकले आणि म्हणाली, "सरक. मला शिकव."

पहिल्या खेपेला तिनं उशिरा ब्रेक मारला. दुसऱ्या खेपेला वेळेवर मारला, पण नजर कातळावरच खिळवून ठेवली. नंतर नंतर तिला ते सापडायला लागलं, आणि सापडलं तशी ती वेग वाढवायला लागली. काकूंना त्या दिवशी एक गोष्ट नव्यानं कळली. ज्या वळणावर त्यांना मोकळं वाटायचं, त्याच वळणावर शेजारच्या सीटवर बसलं की भीती वाटत होती. त्या दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबत होत्या. अगं हळू, अगं पुढे बघ, असं म्हणत होत्या. शेवटी त्यांनी मुलीला बजावलं, की आता पुरे, किल्ली माझ्याकडे दे, तुझं काही खरं नाही. मुलगी म्हणाली, एकदाच, शेवटचं.

ते शेवटचं तिला छान जमलं. तलाव उघडला तेव्हा ती आईकडे वळून बघत राहिली, आणि काकूंना स्वतःची भीती गिळून मान डोलवावी लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जावई होता. रविवारी येताय ना दोघी, गिऱ्हाइकाला काय कळवू, असं विचारत होता. त्याचा आवाज काकूंपर्यंत पोचत होता.

मुलीनं एक हात स्टीअरिंगवरून न काढता त्याला सांगितलं, की गाडी विकायची नाही, आणि एवढ्यात येणंही जमणार नाही. आई अजून अजिबात सावरलेली नाही. डॉक्टर म्हणालेत, तिला रोज त्या जागी घेऊन जायला हवं. किती दिवस, ते सांगता येत नाही. जावयानं काळजीच्या सुरात काहीतरी विचारलं. मुलीनं फोन स्पीकरवर टाकला, आईसमोर धरला आणि भुवया उंचावल्या.

काकूंनी चपला पायात सरकवल्या, पर्स पोटाशी धरली, आणि जावयाला नीट ऐकू जाईल असा एक खोल, दीर्घ सुस्कारा सोडला.