कुंपणावरचं भरीत

उखर्डूनाना आणि हिलालभाऊ गेली दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे थेट बोलत नव्हते. नानांना काही विचारायचं असलं की ते आपल्या म्हशीला विचारत, "काय वं, आज थ्री फेज लाइट कधी येनार हाये?" मग कुंपणापलीकडून हिलालभाऊ आपल्या बकरीला सांगत, "दुपारी दोनले म्हनतात." विजेच्या वेळापत्रकात त्या दोघींना फारसा रस नसावा, पण ऐकून घेत.

भांडण साधंच होतं. यावलजवळच्या त्या शिवारात नानांचा सव्वा एकर. त्यात थोडी केळी, बांधावर सीताफळं, विहिरीपाशी दोन पेरू आणि उरलेल्या तुकड्यात भरताची वांगी. शेजारी हिलालभाऊंचं शेत. दोन वर्षांपूर्वी नाना रावेरच्या बाजाराला गेले असताना त्यांची म्हैस हिलालभाऊंच्या मक्यात शिरली. संध्याकाळी भाऊ म्हणाले, "मालकाले वळन नही, तं म्हशीले कुठून येईन?" दुसऱ्या दिवशी नानांनी कपाशीच्या काड्या रोवून बांधावर पुरुषभर उंच कुंपण घातलं.

यंदा आश्विन सरता सरता बातमी आली. हिलालभाऊंचा दीपक सुरतेला असतो, त्याने एकट्या बापाला कायमचं बोलावून घेतलं होतं. मंगळवारची गाडी होती.

सीताफळांवर पोपट बसले तरी नाना हाकलेनात.

"जाऊन दोन शब्द बोला ना," नानांच्या पत्नी यशोदाबाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"चुकलं म्हना."

"तेवढंच तं येत नही."

शेवटी भरीत पार्टी ठरली. तोंडाने जे सांगता येत नाही ते आमच्याकडे भरताने सांगतात, त्यात मिरची जास्त पडली तर डोळ्यांतल्या पाण्याचीही सोय होते. नानांनी म्हशीपाशी उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "रविवारी भरीत हाये. ज्याले यायचं त्यानं यावं!"

"हे आवतन हाये की दवंडी?" यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला.

पलीकडून बकरीला सांगण्यात आलं, "येऊ म्हना."

रविवारी वांगी तोडली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ भिजलं आणि तेव्हा लक्षात आलं, की परतीच्या पावसाने जळणाच्या काड्यांचा ढीग आतपर्यंत भिजलाय. भरताची वांगी गॅसवर भाजणं नानांच्या मते पाप होतं. शिवारात उन्हावाऱ्यात उभ्या राहून वाळलेल्या, खडखडीत काड्या एकाच ठिकाणी होत्या. नानांनी कुंपणातल्या चार उपटल्या. चार काड्यांत चार वांगी होतात आणि वांगी होती तीस. नाना उपटत गेले. जाळ झकास झाला, वांग्यांची सालं तडतडली आणि कुंपणाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं.

हिलालभाऊ धुतलेली टोपी घालून त्या भगदाडातूनच आले. इकडं तिकडं पाहत म्हणाले, "बरं झालं भो, फेरा वाचला."

दोन वर्षांत पहिलं थेट वाक्य. नाना जोरजोराने वांगी ठेचू लागले. भरीत ठेचून झालं, पानं वाढली, भाऊंनी पहिला घास घेतला. नानांनी तीन दिवस घोकलेलं वाक्य जिभेवर आणलं. "भाऊ, माह्यं..."

"म्हैस!" यशोदाबाई ओरडल्या.

म्हैस भगदाडातून पलीकडे जाऊन हिलालभाऊंच्या कोवळ्या हरभऱ्यात उभी होती. घाईत नव्हती. नाना हातातला घास तसाच घेऊन उठले.

"बस रे उखर्डू," हिलालभाऊ म्हणाले.

"अरे, तुह्या हरभरा!"

"माह्या कुठं? शेत इकलं ना, परवा गावातल्या मोतीलालच्या नावावर झालं." भाऊंनी कांद्याची पात उचलली. "आता त्याचा हरभरा, तुह्यी म्हैस. मी पाहुना."

यशोदाबाई काठी घेऊन धावल्या. नाना पुन्हा पानावर बसले. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे त्यांना कळलं. "भाऊ, माह्यं चुकलं. त्या वर्षी म्हैस नीट बांधाले पाह्यजे होती."

हिलालभाऊंचा घास थांबला. "नीटच बांधेल होती."

"मंग?"

"मीच सोडली. उनात तापू रायली होती, तू रावेरले. म्हटलं पान्यावर नेऊ. दावं हातातून सुटलं, अन् घुसली माह्याच मक्यात." भाऊंनी पानातलं भरीत उगाच सारखं केलं. "लाज वाटली. मंग तुलेच बोललो."

"दोन वर्षं सांगितलं काऊन नही?"

"सांगितलं ना! आठच दिवसांनी बकरीले सांगितलं, चांगलं मोठ्यानं. मंग समजलं, तू लग्नाले गेल्ता."

"पुन्हा सांगाचं होतं!"

"एकदा कबूल केल्यावर पुन्हा पुन्हा काय कबूल करू?"

नानांचं डोकं सणकलं. यावर खरं तर कडकडून भांडायला हवं होतं, आणि या वेळी चूक शंभर टक्के समोरच्याची होती. असा योग नानांच्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, भाऊंच्या धुतलेल्या टोपीकडे पाहिलं आणि मिटलं.

भांडण नीट रंगायला निदान एखादं वर्ष लागतं, आणि मंगळवार परवावर आला होता. नानांनी भाऊंच्या पानात आणखी भरीत वाढलं.