बदकांचा हायड्रोजन

प्रयोगशाळेत प्रयोग बघायला पाहुणे यायला थोडाच वेळ उरला होता आणि भट्टीसाठी राखून ठेवलेला लाकडाचा भुसा ओलाचिंब झाला होता. नळ कोणी उघडा टाकला, यावर भांडायलाही सवड नव्हती. सासुरवाडी प्रयोगशाळेच्या मागच्याच गल्लीत होती. इंजिनिअर धावत तिथे गेला आणि अडगळीच्या खोलीतलं एक पोतं त्याने खांद्यावर टाकलं. तोंडाशी लाकडाचे कोरडे ठणठणीत छिलके दिसत होते. निवृत्त झाल्यापासून सासऱ्यांना लाकूड कोरायचा नाद लागला होता, त्याचाच हा कचरा. कचऱ्याला परवानगी कसली विचारायची?

प्रयोगशाळेत त्याने पोतं थेट तुकडे करायच्या यंत्रात उलटं केलं. छिलके सुर्रकन गेले. मग यंत्र अडखळलं, कडाडलं, आणि एक लाकडी बदक डोळे वटारून त्याच्याकडे बघत आत गेलं. मागोमाग दुसरं.

ही तर सासऱ्यांनी वर्षभर खपून कोरलेली, उद्याच्या प्रदर्शनासाठी छिलक्यांत बांधून ठेवलेली बदकं. तो बटणाकडे झेपावला, तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले आणि "हेच आमचे इंजिनिअर" म्हणत त्यांनी त्याचा तोच हात धरला. साहेब पाठ थोपटून हात सोडेपर्यंत अख्खा थवा भुगा होऊन भट्टीत गेला होता.

लाकूड जाळायचं नसतं, लालभडक तापलेल्या भट्टीत त्यावर वाफ सोडायची, म्हणजे हायड्रोजन सुटतो, हे त्याने मेल्या आवाजात समजावून सांगितलं. गॅस मोजणारा काटा चढत चढत कधी नव्हे इतका वर गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी लाकूड कुठलं, असं विचारलं.

"घरचंच आहे," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात याच लाकडावर पुन्हा प्रयोग दाखवा, असं बाई म्हणाल्या. साहेबांनी परस्पर होकार देऊन टाकला.

एवढ्यात बायकोचा फोन आला. बाबांची बदकं सापडत नव्हती आणि पोतं घेऊन जाताना त्याला शेजारणीने पाहिलं होतं.

"कुठं आहेत ती?"

"गॅसच्या टाकीत," तो म्हणाला. "पण आता ती बदकं नाहीत."

संध्याकाळी तो मान खाली घालून सासऱ्यांसमोर उभा राहिला. सगळं ऐकून सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सगळी?"

"सगळी, बाबा. पण असा गॅस आजवर निघाला नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या?" सासऱ्यांनी मान वर केली. "माझ्या बदकांना?"

आजवर त्यांच्या बदकांना कोणी बरं म्हटलं नव्हतं. ते उठले, आरशासमोर जाऊन उगाच केस नीट करू लागले.

तेवढी संधी साधून सासूबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, माळ्यावर यांचे हत्तीही आहेत. टेम्पो कधी पाठवताय?"